दुसऱ्या ओळीवरची खूण

शेवटची कथा काही केल्या संपेना, तेव्हा तिनं नेहमीचं औषध काढलं. कपाटाच्या वरच्या खणातली दोन जुनी पुस्तकं. एक कथासंग्रह, एक कवितासंग्रह.

सात वर्षांपूर्वी पोस्टातून घरी येताना तिनं ती जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतली होती. दोन्हीत कुणीतरी पेन्सिलनं बारीक खुणा केल्या होत्या. समासात एक छोटीशी तिरपी रेघ, टोकाला किंचित वळलेली. आधी तिनं त्या खोडायला रबर काढलं होतं. मग खुणेच्या ओळी वाचत बसली, आणि त्याच आठवड्यात तिनं आयुष्यातली पहिली कथा लिहिली.

तेव्हापासून लिहिताना अडलं की ही पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर पोस्टाच्या खिडकीशी पाकिटं तोलणाऱ्या बाईला दुसरा गुरू कुठून मिळणार? त्या अनोळखी वाचकालाच तिनं गुरू करून टाकलं. खुणेच्या ओळी ती वहीत उतरवून घ्यायची. ‘त्यानं खिडकी लावून घेतली आणि तो खुर्चीत बसला’ या ओळीवरही खूण होती. तीत एवढं काय आहे, हे शोधण्यात तिचे आठ दिवस गेले. शेवटी, साधेपणातच सगळं आहे, असं तिनं ठरवलं. एकदा मानला की दगडातही देव दिसतो.

“शिंप्याच्या खडूवरून कात्री चालवावी तशी तू लिहितेस,” नवरा म्हणायचा. “उद्या त्या माणसानं चहा सांडलेला निघाला, तर त्या डागावरही कथा लिहिशील.”

“लिहीन,” ती म्हणायची.

थट्टा राहू दे, पण तिच्या कथा छापून येऊ लागल्या होत्या. आता तर पुस्तक निघत होतं. अर्पणपत्रिकाही तयार होती: ‘ज्याच्या खुणांनी मला लिहायला शिकवलं, त्या अनोळखी वाचकास.’ फक्त शेवटची कथा अडून बसली होती. तिच्यातला म्हातारा कायमचा घर सोडून निघतो. दाराशी थांबून तो काय म्हणतो, तेच तिला सुचत नव्हतं. चार शेवट लिहून झाले. चारही वेळा म्हातारा भाषण ठोकत होता. सोमवारपर्यंत कथा आली नाही तर ती वगळून पुस्तक छपाईला जाईल, असं प्रकाशकानं बजावलं होतं. आणि तिच्या मते त्या कथेवाचून पुस्तकाला काही अर्थ नव्हता.

इथं गुरूही उपयोगी पडेना. कथासंग्रहाच्या सुरुवातीला चार-पाच पानांनी एखादी खूण होती. पुढे पुढे प्रत्येक पानावर, मग एकाच पानात दोन-दोन. वाचक रंगत गेला होता, हे उघडच होतं. त्या संग्रहातल्या शेवटच्या कथेत मात्र दुसऱ्याच ओळीवर एक खूण आणि पुढची सगळी पानं कोरी. ही कथा त्याच्या मनाला आली नसणार. म्हणून तिनंही ती कधी धड वाचली नव्हती.

शनिवारी ती उठली आणि पुस्तकं घेऊन त्या जुन्या दुकानात गेली. दुकानदारानं ती उलटून पाहिली.

“ही होय! मागच्या गल्लीतल्या घड्याळजींची. इथं ठेवली आणि मागं न बघता निघून गेले, म्हणून लक्षात राहिलं.”

घड्याळजींचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळात डोकावत होते. तिनं दोन्ही पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली आणि शेजारी आपल्या कथेची पानं.

“काका, या खुणा तुमच्याच ना?”

त्यांनी भिंग काढलं. पुस्तक उघडून बराच वेळ पाहिलं. “माझ्याच. तुमच्याकडे कशी आली ही?”

तिनं सगळं सांगून टाकलं. सात वर्षं, वही, अर्पणपत्रिका. “आता माझी ही कथा वाचा आणि तुम्हाला वाटेल तिथं खूण करा. एक मिळाली तरी पुरे.”

घड्याळजी आधी गोंधळले, मग हसायला लागले.

“अहो ताई, मला कुठलं कथा-कवितांमधलं कळायला? वाचणारी आमची ही. अंथरुणाला खिळली तेव्हा दुपारचं औषध झालं की मी तिला वाचून दाखवायचो. तिला झोप लागली की तिथं खूण करायची आणि पुस्तक मिटायचं. दुसऱ्या दिवशी तिथून पुढं. नाहीतर भांडायची माझ्याशी, मधलं गाळलंत म्हणून.”

ती कानापर्यंत लाल झाली. ज्या ओळींवर ऐकणारी घोरायला लागली, त्या ओळींवरून ही लिहायला शिकली होती! नवऱ्याला कळलं तर तो जन्मभर पुरवून पुरवून हसेल. तिची तिलाच लाज वाटली आणि हसूही आवरेना.

“आणि या कवितेत चौथ्या ओळीवर सात खुणा आहेत, त्या?”

“तीच कविता पुन्हा हवी असायची. आणि दर वेळी चौथ्या ओळीला झोपायची. पाचवी तिनं कधी ऐकली की नाही, देव जाणे.”

दोघंही हसले. हसता हसताच तिनं कथासंग्रहातली शेवटची कथा काढली.

“मग इथं का हो थांबलात? दुसऱ्या ओळीवर खूण आणि पुढं काहीच नाही. मी आपली समजत होते, तुम्हाला ही आवडली नाही.”

घड्याळजींनी पुस्तक आपल्याकडे ओढलं. त्या वळलेल्या रेघेवर अंगठा ठेवला.

“त्या दुपारी दुसऱ्याच ओळीला तिचे डोळे मिटले,” ते म्हणाले. “मला वाटलं, झोप लागली. म्हणून रोजच्यासारखी खूण केली.”