पदकाची कडी

प्रदर्शनात थोरल्या जाऊबाई मी घडवलेला हार गळ्यात मिरवत होत्या आणि येईल त्याला सांगत होत्या, "सगळे दागिने मी माझ्या हातांनी करते हो. ही आमची धाकटी, ही नुसत्या डब्या भरते."

एका बाईंनी कौतुकाने त्यांच्या हाराचं पदक हातात घेतलं, तर ते कडीसकट सुटूनच आलं. "अगंबाई! पण तुमच्या तर हा डाव्या हातचा मळ," असं म्हणत त्या बाईंनी टेबलावरच्या दोन पकडी जाऊबाईंपुढे सरकवल्या.

कडी बाजूला पिळून उघडायची असते. जाऊबाईंनी ती दोन्हीकडून ताणली आणि तिचा पार विळा करून टाकला. जमलेल्या बायकांत खसखस पिकली.

"अगं, बघत काय बसलीस? लाव ना!" जाऊबाई दातओठ खात माझ्या कानात कुजबुजल्या.

"मी कशी लावू, ताई?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी नुसत्या डब्या भरते."



माझ्या हातून कडी कधी उघडी राहत नाही. ही एकच ठेवली होती, जाऊबाईंवर कडी करायला.