पुढून उघडणारे गाऊन

शिंप्याची बॅग विमानतळावरच्या बॅगा मोजायच्या लोखंडी चौकटीत शिरली आणि बोटभर वर राहिली.

"बसत नाही, काका," गेटवरची बाई म्हणाली. "पैसे भरा, नाहीतर बाजूला व्हा. मागे लोक खोळंबलेत."

शिंप्याने बॅग दाबून पाहिली. ती त्यानेच शिवली होती, विमान कंपनीने दिलेल्या मापाबरहुकूम. पण चाळीस वर्षांची सवय. माप कोणाचंही असो, तो बोटभर सैल धरायचाच. कपड्याने माणसाला श्वास घेऊ दिला पाहिजे, असं त्याचं मत होतं. चौकटीला त्याच्या मताशी काही देणंघेणं नव्हतं.

बाईने रक्कम सांगितली. ती तिकिटाच्या दीडपट होती.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," रांगेतला एक जाडसर माणूस म्हणाला, आणि दोघंतिघं हसले. शिंप्याला हसू आलं नाही. खिशात होते ते पैसे तिकडे उतरल्यावर दवाखान्यापर्यंतच्या टॅक्सीचे. उद्या सकाळी नऊला त्याच्या मुलीला घरी सोडणार होते. हे विमान गेलं की दुसरं एकदम परवा.

"अंगावर घातलं तर चालेल?" त्याने विचारलं.

"अंगावरच्या कपड्यांना अजून तरी पैसे नाहीत." बाईने हे गंमत म्हणून सांगितलं नव्हतं.

त्याने बॅग उघडली. स्वतःच्या कपड्यांच्या एका जोडावर तीन गाऊन घडी करून ठेवले होते, बारीक फुलांचे, गळ्यापासून पायांपर्यंत पुढून बटणं असलेले. आठवड्यापूर्वी मुलीने फोन केला होता. "बाबा, डोक्यातून घालायचे नकोत. माझं मला घालता येतील असे शिवा. मला कुणी मदतीला नको. कुणी बघायला नको." कपडे बदलताना ती नवऱ्यालाही खोलीबाहेर उभं करते, हे जावयाने नंतर वेगळ्या फोनवर सांगितलं. त्या दिवशी शिंप्याने गिऱ्हाइकांची सगळी कामं बाजूला सारली आणि हे तीन गाऊन मशीनवर घेतले.

पहिला गाऊन त्याने शर्टावरूनच चढवला. कान तापले होते. आयुष्यभर बायकांचे कपडे शिवले, पण त्यांची बटणं उलट्या बाजूने लावायची वेळ स्वतःवर कधी आली नव्हती. बोटं अडखळत होती.

"काका, रंग खुलतोय तुम्हाला," जाडसर माणूस म्हणाला.

शिंप्याने दुसऱ्या गाऊनच्या बाहीत उजवा हात घातला. डावा हात मागे नेला, कोपर उचललं, आणि तिथेच थांबला.

त्याने बाही पुन्हा काढली. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवली. जावयाने फोनवर ओझरतं सांगितलेलं त्याला आता आठवलं: छातीचं दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झाल्यापासून मुलीची कोपरं बरगड्यांपासून वीतभरही सुटत नव्हती. तसाच उभा राहून तो गाऊन चढवायला गेला. उजवी बाही कशीबशी वर आली. डावी पाठीमागे लोंबत राहिली. त्याने पुन्हा करून पाहिलं. नाहीच.

"काका, विमान थांबणार नाही," बाई म्हणाली. तिने लोंबणारी बाही धरली, त्याचा हात तिच्यात सारला आणि तिसरा गाऊन खांद्यांवर टाकला. बॅग आता चौकटीत अलगद बसली. बाईने त्याच्याकडे पाहिलं. बॅग बसल्यावर लोकांचे चेहरे खुलतात. याचा पार उतरला होता.

सीटवर बसल्याबसल्या त्याने गाऊन उतरवले. कात्री तपासणीत काढून घेतली होती. कॉलरच्या आत टोचलेली सुई तेवढी वाचली होती. गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत वरची शिवण उसवायची आणि उतरल्यावर तिथे नाड्या लावायच्या, म्हणजे हात न उचलता गाऊन अंगावर ओढून घेता येईल. सहा बाह्या होत्या, आणि दोन तासांचा प्रवास. पण शिवण त्याने दुहेरी मारली होती. सुई धाग्याखाली जाईना. त्याने कापड तोंडाशी नेलं आणि दाताने पहिला टाका तोडला.

हवाई सुंदरी गाडी ढकलत आली. "पाणी?" तिने विचारलं आणि पाण्याची किंमत सांगितली. तोंडाला कोरड पडली होती, तरी शिंप्याने मान हलवून नको म्हटलं. टॅक्सीच्या पैशांना हात लावायचा नव्हता.

शेजारी नेमका तो जाडसर माणूस बसला होता. बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहत राहिला. शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"एवढी चांगली शिलाई, काका. उसवताय कशाला?"

शिंप्याने ओठांवरचा धागा काढला.

"मुलीसाठी शिवलेत. छातीचं नवं माप तिनेच फोनवर सांगितलं," तो म्हणाला. "एवढं तिने सांगितलं. हात किती उचलता येतो, ते मी तिला विचारलंच नाही."

माणसाने आपली दोन्ही कोपरं बरगड्यांना लावली, हात पुढे करून पाहिले. मग कोपरं तशीच ठेवून त्याने बाहीचं टोक धरलं आणि शिवण ताणून दिली.