खोटी टिचकी

डोंगराच्या पोटात बसवलेलं ते यंत्र डार्क मॅटरचा एखादा कण येऊन टिचकी मारेल म्हणून वर्षानुवर्षं कान लावून होतं. कण काही फिरकला नव्हता. किती हलकी टिचकी यंत्राला ऐकू येईल, याचा अंदाज बांधणं हे प्रोफेसरांचं काम.

"पण सर, यंत्रालाच डुलकी लागली असेल तर?" नव्याने आलेल्या सहकारी बाईंनी विचारलं.

"म्हणून तर अधूनमधून आपणच खोटी टिचकी मारायची. ती उमटली, की यंत्र ठणठणीत. येणाराच येत नाही, त्याला यंत्र बिचारं काय करणार?" प्रोफेसर हसले. "पथ्य एकच. खोटी टिचकी खऱ्यात धरायची नाही. आपल्या धंद्यात ते महापाप."

संध्याकाळी ते घरी आले. आज त्यांचा वाढदिवस होता. डोंगरातल्या बोगद्यात मोबाइल लागत नाही, म्हणून दूरदेशीची लेक दर वाढदिवसाला संध्याकाळी घरच्या फोनवरच बोलायची. जेवणं उरकायची वेळ टळून गेली, तरी फोन गप्पच. बिघडलाच असणार, असं त्यांनी मोठ्या आशेने ठरवलं आणि मोबाइलवरून घरचाच नंबर लावला.

फोन खणखणीत वाजला.

"भाऊजी, आला ना लेकीचा फोन?" शेजारच्या वहिनींनी भिंतीपलीकडून हाळी दिली. "मी म्हटलं नव्हतं, पोरगी विसरायची नाही म्हणून!"

"आला, आला, वहिनी!" प्रोफेसर म्हणाले. मग रिसीव्हर उचलून, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतपत मोठ्याने बोलले, "बोल बाळा."