घरच्या खुणा

सकाळी सव्वाअकराला प्रांतांसमोर सुनावणी सुरू झाली. अर्ज म्हाताऱ्या आईचा होता: धाकट्या मुलाला माझ्या घरातून बाहेर काढा.

"तो जन्माचा मुका-बहिरा आहे, साहेब," तिच्यासोबत आलेला थोरला म्हणाला. "त्याला काय विचारायचं? हुकूम देऊन टाका."

"त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही."

पण सरकारी दुभाष्याला धाकट्याच्या खुणा कळेनात. तो शाळेत गेलाच नव्हता. त्या खुणा मायलेकांनी घरातच तयार केल्या होत्या. थोरला त्या कधी शिकला नाही. शेवटी प्रांतांनी आईलाच विचारलं, "तुमच्याविरुद्ध बोलला तरी जसंच्या तसं सांगाल?"

"सांगेन की."

"आई, तू नक्की कोणाच्या बाजूने?" थोरला कुजबुजला.

"गप रे, त्याची एखादी खूण निसटून जाईल."

धाकट्याने मिशीवरून बोट फिरवलं. "दादा," आई म्हणाली. मग त्याचे हात भराभर चालू लागले आणि ती सांगत गेली. "दादाला घर विकायचंय. म्हणून त्याने अर्जावर आईचा अंगठा घेतला. आई भोळी आहे... नाही, थांबा साहेब. मूर्ख म्हणाला."

धाकट्याने छातीवर हात ठेवला, मग दाराकडे दाखवलं.

"काय म्हणाला?" प्रांतांनी विचारलं.

"मला विचारतोय, मी तुला खरंच घरात नको का?"

"मग त्याला उत्तर द्या."

थोरल्याने धरलेला हात तिने सोडवून घेतला.

साडेबारा वाजले तरी मायलेकांचे हात बोलतच आहेत. प्रांतांनी अजून कुणालाही मध्ये बोलू दिलेलं नाही.