कुसाबाईचं लुगडं

पारडी दोन घोट प्यायली न प्यायली, तोच कुसाबाईने डाव्या हाताने तिला ओढून खुंटाला बांधलं. उजवा हात प्लास्टरात होता.

"हेच म्हणते मी," अंजली म्हणाली. "लेकराच्या तोंडातलं काढायचं आणि आपल्या चहात घालायचं. तुला काहीच वाटत नाही, आई?"

"वाटतं ना. म्हणून एक सड तिला राखते."

"तीन आपल्याला, एक तिला. म्हशीला विचारलंस?"

"नाय विचारलं. तिनं हो म्हणलं नसतं."

खरं सांगायचं तर अंजलीला म्हशीची कणव नव्हतीच. आईचं हाड जुळेपर्यंत तिला गंगापूर रोडच्या आपल्या फ्लॅटवर न्यायला ती आली होती, आणि आईचं एकच पालुपद, चंद्रीला टाकून कशी येऊ. अंजलीच्या दोन्ही बाळंतपणांतही चंद्री, नाहीतर चंद्रीची आई, अशीच आडवी आली होती. चाळिशीच्या बाईला म्हशीचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगायचीही चोरी.

शेजारची रंगूबाई सकाळी धार काढायला बसली, तर चंद्रीने पान्हा चोरला आणि वर बादलीला लाथ घातली. आता अंजली बसली, तिला शेपटीचा फटका मिळाला. कुसाबाई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असं नाय करू, माझी बाय. पाहुणी हाय ती."

"हो, मी पाहुणीच," अंजली म्हणाली. "ही पारडी आईपासून चार हातांवर तरी आहे. मला सहाव्या वर्षी देवळाली कॅम्पला मामीकडे ठेवलंस. शाळेसाठी. तेव्हा मला तरी कुठं विचारलंस?"

कुसाबाई घरात गेली आणि कालचं, न धुतलेलं लुगडं घेऊन आली.

"हे गुंडाळ. माझा वास आला म्हंजे सोडंल पान्हा."

अंजलीने ते ड्रेसवरूनच कसंबसं गुंडाळलं. चंद्रीने मान वळवून पदर हुंगला, मग चाटला. थोड्या वेळाने बादलीत धार वाजू लागली. एवढ्याशा गोष्टीला भुललेल्या म्हशीचं अंजलीला हसू आलं.

"फसली की गं."

"तूबी फसायचीस," कुसाबाई म्हणाली. "मामी दर महिन्याला माझं एक नेसलेलं लुगडं मागून न्यायची. तुला झोप लागंना. ते पांघरलं की लगेच झोपायचीस म्हणं."

अंजलीचे हात थांबले. हिरव्या काठाचं एक पांघरूण तिला चांगलं आठवत होतं. ते मामीचं, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

तिने तीन सडांचं दूध काढलं, चौथा तसाच ठेवला आणि उठून पारडीला सोडलं. मग लुगडं उतरवून त्याची घडी घातली. आईने हात पुढे केला, पण तिने ते दिलं नाही.

"हे मी रंगूबाईला देते," ती म्हणाली. "चंद्रीचं लुगड्यावर भागेल. माझं भागलं होतं. या खेपेला तू माझ्याकडे चल."