कर्नलचा दहावा दिवस

कर्नल भाग्यश्रीच्या हातातून भाकरी खात होता. तुकडा घेताना तिच्या बोटांना दात लागू देत नव्हता.

दुर्गाबाई पिंजऱ्यापासून पाच पावलांवर उभी होती. तिचा उजवा हात कोपरापासून पंजापर्यंत बांधून गळ्यात अडकवलेला होता. आत एकोणीस टाके होते. शेवटची दोन बोटं अजून मिटत नव्हती.

"खाणं, पाणी, चालणं, सगळं नीट," म्हणत जनावरांच्या डॉक्टर मीनल यांनी तक्त्यावर आजच्या तारखेपुढे खूण केली. चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं की रेबीजची भीती संपते. ते दहा दिवस कर्नलला कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एकटं ठेवलं होतं. त्याला खायला घालायचं काम कुत्र्यांच्या बोर्डिंगच्या मालकांनी, बबनरावांनी, भाग्यश्रीला दिलं होतं.

निघोज्याच्या त्या बोर्डिंगमध्ये चौदा कुत्री होती. एका कुत्र्याला एकाच माणसानं खायला घालायचं, ही तिथली पद्धत. कर्नलचे साहेब कंपनीच्या कामाला परदेशी गेले, तेव्हापासून दोन वर्षं तो दुर्गाबाईच्या हातचं खात होता. भाचीच्या लग्नाला ती तीन दिवस गेली, तेवढ्यापुरता भाग्यश्रीकडे होता. चौथ्या दिवशी सकाळी ती परत आली, तेव्हा भाग्यश्रीनं ठेवलेल्या भांड्यात त्यानं तोंड घातलं होतं. दुर्गाबाईनं हाक मारली. त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्यांदा मारली. मग तिनं वाकून भांडंच उचललं.

कुणी पाहिलं नव्हतं. खात्या कुत्र्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, हे भाग्यश्रीला तिनंच शिकवलं होतं.

डॉक्टरांनी तक्ता बाजूला ठेवला. आता रेबीजचा प्रश्न उरला नाही, त्या म्हणाल्या. प्रश्न एवढाच, की तो चावला कशामुळे. कारण कळलं तर काळजी घेता येते. पण काही कारण नसताना माणसाचा हात हाडापर्यंत फाडणारं कुत्रं त्या कुणाच्या हाती ठेवू देणार नव्हत्या. साहेबांशी फोनवर बोलणं झालं होतं. त्यांनी निर्णय डॉक्टरांवर सोडला होता.

"म्हणून पुन्हा एकदा विचारते, दुर्गाबाई. नेमकं काय झालं?"

"सांगितलं की तवाच. झाडत व्हते. आला अंगावर."

"तुम्ही त्याला काही केलं नाही?"

"मी काय करनार?"

शेजारच्या वर्कशॉपमध्ये प्रेस मशीन पत्र्यावर आदळत होतं. बबनराव जमिनीकडे बघत राहिले. भाग्यश्री पिंजऱ्यातून बाहेर आली आणि दुर्गाबाईजवळ येऊन हळू आवाजात बोलली. मावशी, काहीतरी झालंच असेल, नीट आठवा ना, तो असा नाही.

"दहा दिसांत लई वळखाया लागलीस त्याला," दुर्गाबाई म्हणाली.

दुर्गाबाईला सगळं स्पष्ट दिसत होतं. खरं सांगितलं तर कर्नल वाचणार होता, आणि भाग्यश्रीचा होणार होता. नाही सांगितलं तर तो कुणाचाच होणार नव्हता.

डॉक्टरांनी उलट्या पिंपावर बॅग उघडली. दोन सिरिंज भरल्या. पहिल्या इंजेक्शननं त्याला गुंगी येईल, दुसऱ्यानं झोपेतच जीव जाईल, असं त्यांनी बबनरावांना समजावलं. बबनराव तोंडाला बांधायचा पट्टा घेऊन आले, पण डॉक्टरांनी नको म्हटलं. शेवटच्या क्षणी त्यानं घाबरू नये. त्याचा विश्वास असलेल्या माणसानं जवळ बसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

दुर्गाबाई एक पाऊल पुढे आली.

"तू बस," डॉक्टर भाग्यश्रीला म्हणाल्या. "डोकं मांडीवर घे. त्याला आता तुझी सवय आहे."

भाग्यश्री ओढणीनं डोळे पुसत आत गेली आणि फरशीवर मांडी घालून बसली. तिला बोलावावंही लागलं नाही. कर्नल आपणहून आला, एकदा गोल फिरला, आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकून पडला. त्यानं डोळे मिटले. डॉक्टर सिरिंज घेऊन आत वाकल्या.

"थांबा," दुर्गाबाई म्हणाली. "भांडं मी उचललं व्हतं. तो खात व्हता."

प्रेस दोनदा आदळलं. डॉक्टर सरळ उभ्या राहिल्या. कोणतं भांडं, कुणी ठेवलेलं, तो किती वेळ खात होता, हे सगळं त्यांनी विचारलं, आणि दुर्गाबाईनं एकेक करून सांगितलं. का उचललंत, या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नाही. डॉक्टरांनी तो पुन्हा विचारला नाही. त्यांनी सिरिंजला टोपण लावलं आणि बॅग बंद केली.

बबनरावांचा आवाज चढला. दहा दिवस तोंडात काय धरून बसला होतात, आत्ता हकनाक जीव गेला असता त्याचा, आणि पाप लागलं असतं आम्हाला. मग ते जरा थांबले, तिच्या हाताकडे बघितलं, आणि हात बरा झाला की पिल्लांकडचं काम बघा म्हणाले. या बाजूला फिरकायचं नाही. कर्नल आजपासून भाग्यश्रीकडे.

दुर्गाबाईनं मान हलवली. पदर सावरून ती निघाली.

"मावशी," भाग्यश्रीनं मागून हाक मारली. ती अजून तशीच बसली होती. तिचा हात कर्नलच्या मानेवर, पाठीवर, कपाळावर नुसताच फिरत होता. "याला कुठं खाजवलेलं आवडतं हो?"

डाव्या कानामागं, हाडाच्या जरा खाली. तिथं नख लागलं की त्याचा मागचा पाय आपोआप हलायला लागायचा.

"मला न्हाई ठाव," दुर्गाबाई म्हणाली.