ऐकू न येणारी शिट्टी

गाडी सिग्नलला थांबली की इंजिनातून बारीक शिट्टी यायची. मागच्या सीटवर बाळ निवांत झोपलेलं, आणि पुढे तिचा जीव टांगणीला. भर रस्त्यात गाडी बंद पडली तर?

"कसली शिट्टी? मला तर नाही ऐकू येत. तुझेच कान वाजतात," नवऱ्याचं ठरलेलं उत्तर. महिनाभर हेच ऐकून तिचं डोकं उठलं. शेवटी तिने त्याला हट्टाने गॅरेजमध्ये नेलं.

मेकॅनिकने चालू इंजिनवरच्या एका बारक्या भोकावर बोट ठेवलं, शिट्टी बंद. बोट काढलं, शिट्टी सुरू.

"ताई, इंजिनातली वाफ खेचणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय. नवीन टाकतो."

"आता तरी आली ऐकू?" तिने नवऱ्याला विचारलं.

"इथे एवढ्या ठोकाठोकीत काय ऐकू येणार!"

परतताना पहिल्याच सिग्नलला गाडी अगदी गप्प उभी राहिली. बाळाने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. खुळखुळा झाला, थोपटून झालं, अंगाई झाली, पण रडं थांबेना.

 

शेवटी वैतागून नवऱ्याने ओठांचा चंबू केला, आणि महिनाभर त्याला ऐकूच न आलेली ती शिट्टी हुबेहूब त्याच सुरात वाजवली.